रेन्वारच्या हातावरची पट्टी

सदऱ्याचे वरचे बटण काजात बसत नाही. लोणच्याच्या बरणीचे झाकण फिरत नाही. बँकेच्या कागदावरची सही गेल्या वर्षीच्या सहीशी जुळत नाही. हाताच्या सांध्यांचे दुखणे ज्यांच्या वाट्याला आले आहे, त्यांना या गोष्टी वेगळ्या समजावून सांगाव्या लागत नाहीत. दुखणे हा त्यातला एक भाग झाला. त्याहून जड असतो तो मनात उठणारा प्रश्न, की आता माझ्या हातून काय होणार? हा प्रश्न बहुधा मोठ्याने विचारला जात नाही, आणि घरच्यांच्या तो लक्षातही येत नाही.

या वेळी आपण अशा एका माणसाविषयी बोलणार आहोत, ज्याने हा प्रश्न जवळजवळ पंचवीस वर्षे सोबत बाळगला आणि ज्याचे सारे जगणे हातांवरच उभे होते. हा माणूस म्हणजे फ्रेंच चित्रकार पिएर ऑगस्त रेन्वार.

साशा गित्री या तरुण फ्रेंच नाटककाराने १९१५ साली आपल्या देशातील काही थोर कलावंतांचे चलच्चित्रण करून ठेवले. त्यात रेन्वारची काही मिनिटांची दृश्ये आहेत. चौऱ्याहत्तर वर्षांचा, अतिशय कृश, पांढऱ्या दाढीचा हा वृद्ध चाकांच्या खुर्चीत बसलेला दिसतो. बोटे तळहाताकडे वळून घट्ट आखडलेली आहेत. शेजारी त्याचा धाकटा मुलगा क्लोद उभा आहे. वडिलांना लागेल ते तो हातात देतो, मुठीत कुंचला बसवून देतो. मग तो वाकडा हात कॅनव्हासकडे जातो आणि पाहणारा चकित होतो, कारण त्या हालचालीत चाचपडणे नाही. कुंचला रंगाकडे जातो, परत येतो, नेमक्या जागी टेकतो. बोटे गेली होती, पण खांद्यापासून मनगटापर्यंत जे काही उरले होते त्याचा पुरेपूर उपयोग तो करत होता.

पोर्सेलीनच्या कारखान्यातून

रेन्वारचा जन्म २५ फेब्रुवारी १८४१ रोजी लिमोज या गावी झाला. वडील शिंपी होते. कुटुंब पॅरिसला आले आणि तेराव्या वर्षी हा मुलगा पोर्सेलीनच्या भांड्यांवर फुले व नक्षी रंगवण्याच्या कामावर उमेदवार म्हणून लागला. बारीक कुंचला, गुळगुळीत पृष्ठभाग आणि चूक दुरुस्त करण्यास फारसा वाव नसलेले काम, अशा शाळेत त्याचा हात तयार झाला. पुढे तो चित्रकलेकडे वळला. मोने, सिस्ले यांच्या सोबतीने १८७४ च्या त्या प्रसिद्ध पहिल्या प्रदर्शनात त्याची चित्रे मांडली गेली आणि ‘इम्प्रेशनिस्ट’ हे नाव या मंडळींना चिकटले. झाडांच्या पानांतून गाळून आलेला उन्हाचा कवडसा, नाचणारी जोडपी, नदीकाठी जेवायला बसलेले मित्र हे त्याचे विषय. त्या नदीकाठच्या चित्रात कुत्र्याशी खेळणारी जी तरुणी आहे, ती आलीन शारिगो. पुढे ती त्याची पत्नी झाली. तिच्याविषयी आपल्याला थोडे अधिक बोलायचे आहे.

वयाच्या पन्नाशीच्या सुमारास, १८९२ च्या आसपास, रेन्वारच्या सांध्यांत दुखणे सुरू झाले. १८९७ साली तो सायकलवरून पडला आणि उजवा हात मोडला. घरच्या मंडळींना पुढे वाटत राहिले, की सारे त्या पडण्यापासून सुरू झाले. आपल्याकडेही ‘त्या दिवशी न्हाणीघरात पाय घसरला आणि तेव्हापासून सांधे धरले’ असे सांगितले जाते. परंतु रेन्वारला जडलेला विकार पडण्याने होणारा नव्हता. तो होता र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला आपण बोलीत आमवात म्हणतो.

हा विकार ओळखायचा कसा

येथे थोडे थांबून एक भेद स्पष्ट केला पाहिजे. उतारवयात गुडघे दुखतात, बोटांची टोके जाडसर होतात, तो बहुतेकदा झिजेचा संधिवात असतो. चालल्याने, जिना चढल्याने तो वाढतो आणि विश्रांतीने उतरतो. आमवाताचे तसे नाही. यात शरीराची संरक्षण यंत्रणाच आपल्या सांध्यांच्या आतील अस्तरावर चाल करून जाते. सांधे सुजतात, ऊन लागतात. हाताची बोटे, मनगटे, पावलांचे लहान सांधे प्रथम धरले जातात आणि बहुधा दोन्ही बाजूंचे. सकाळी उठल्यावर हात आखडलेले असतात आणि तो ताठरपणा तासभर किंवा अधिक वेळ टिकतो. सोबत थकवा असतो, वजन घटते. हा विकार स्त्रियांत पुरुषांपेक्षा दुपटी-तिपटीने आढळतो, आणि तो साठीनंतरही प्रथमच सुरू होऊ शकतो. म्हणून ‘वय झाले, आता दुखायचेच’ असे म्हणून बोटांची सूज अंगावर काढू नये. सूज सहा आठवडे टिकली, तर संधिवाततज्ज्ञांना अवश्य दाखवावे. रक्तातील आर.ए. फॅक्टरची तपासणी नकारात्मक आली म्हणजे विकार नाहीच, असेही समजू नये. काही रुग्णांत ती तशी येते.

रेन्वारच्या काळी यावर खऱ्या अर्थाने औषधच नव्हते. ताप व वेदना शमवणारी अँटिपायरिनसारखी द्रव्ये, रेचके आणि गरम पाण्याच्या झऱ्यांवरील स्नान एवढाच इलाज होता. विकार आपल्या गतीने पुढे जात राहिला. बोटे वळली, उजवा खांदा धरला गेला, पाय निकामी झाले. शिवाय रेन्वार सिगारेट ओढत असे. गित्रीच्या त्या चित्रणातही ती दिसते. धूम्रपानाने या विकाराचा धोका वाढतो आणि तो अधिक तीव्र होतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे. त्याला ते कोणी सांगू शकले नाही.

आजची स्थिती निराळी आहे. मेथोट्रेक्सेट व त्यासारखी औषधे वेळेवर सुरू केली, तर सांधे वाकडे होण्याआधीच विकाराला आवर घालता येतो. पहिले काही महिने यात फार मोलाचे असतात. येथे शुश्रूषा करणाऱ्यांना एक सूचना आवर्जून द्यावीशी वाटते. आमवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोजच्या गोळ्यांच्या डबीत ते चुकून रोज पडले, तर जिवावर बेतू शकते. त्यासाठी एक वार ठरवावा, तो कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहावा आणि गोळी घरातील एकाच जबाबदार व्यक्तीने द्यावी. डॉक्टरांनी फॉलिक ॲसिड लिहून दिले असेल, तर तेही ठरल्याप्रमाणेच द्यावे. यकृताच्या आणि रक्तपेशींच्या तपासण्या ‘आता बरे वाटते आहे’ म्हणून टाळू नयेत.

तीन चेंडू आणि लाकडाचा ओंडका

औषध नसलेल्या त्या माणसाने काय केले, ते पाहण्यासारखे आहे. त्याचा मधला मुलगा जीन पुढे थोर चित्रपट दिग्दर्शक झाला. आपल्या बंगालमध्ये येऊन ‘द रिव्हर’ हा चित्रपट करणारा तोच. त्याने १९६२ साली वडिलांचे विस्तृत चरित्र प्रसिद्ध केले. त्यावरून कळते, की रेन्वार रोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी तीन लहान चेंडू हवेत उडवून झेलण्याचा सराव करी. बोटांची चपळाई टिकावी, एवढाच हेतू. चेंडू झेलणे जमेनासे झाले, तेव्हा लाकडाचा एक लहान गुळगुळीत ओंडका उडवून, फिरवून झेलू लागला. पत्नीबरोबर बिलियर्ड खेळला. चालताना आधी एक काठी आली, मग दोन, मग कुबड्या, आणि १९१२ च्या सुमारास चाकांची खुर्ची.

वाचकहो, या उतरत्या पायऱ्यांकडे नीट पाहा. दर वेळी काहीतरी सुटले आहे आणि दर वेळी सुटलेल्याच्या जागी त्याहून सोपे, पण त्याच जातीचे काहीतरी आले आहे. चेंडू गेले म्हणून व्यायाम गेला नाही. आपल्याकडे असे होते, की फिजिओथेरपिस्टने दाखवलेला एक व्यायाम जमेनासा झाला की सारेच सोडून दिले जाते. ‘आता नाही होत’ असे म्हणण्याऐवजी ‘हे होत नाही, मग याच्या जागी काय?’ असे तज्ज्ञांना विचारावे. मात्र सांधा सुजून लाल झालेला असेल, त्या दिवसांत त्याला विसावा द्यावा. त्या वेळी जोर लावणे हिताचे नाही.

पट्टी कशासाठी होती

रेन्वारविषयी एक समजूत फार प्रचलित आहे. त्याची बोटे कामातून गेली, म्हणून कुंचला हाताला बांधला जाई आणि तो तसाच चित्रे काढी, असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते. छायाचित्रांत त्याच्या हातावर पट्टी दिसते, त्यावरून ही कथा निघाली असावी. वस्तुस्थिती वेगळी आहे. वळलेल्या बोटांची नखे तळहातात रुतत, घामाने त्वचा ओली राही, आणि त्या नाजूक झालेल्या त्वचेला कुंचल्याचा लाकडी दांडा घासला की इजा होई. तसे होऊ नये म्हणून तळहातावर मऊ कापडाची पट्टी बांधलेली असे. कुंचला वळलेल्या बोटांच्या बेचक्यात ठेवून दिला जाई आणि तो पकडून ठेवण्याचे काम रेन्वार स्वतः करी.

हा फरक लहान वाटेल, पण शुश्रूषेच्या दृष्टीने तो मोठा आहे. बांधलेला कुंचला म्हणजे हाताचे काम दोरीने केले. मऊ पट्टी म्हणजे हाताला त्याचे काम करता यावे, एवढीच सोय केली. आपल्या घरातील वृद्धाला आपण मदत करतो, तेव्हा यांपैकी नेमके काय करतो, हे तपासून पाहण्यासारखे आहे. आजोबांना घास भरवणे लवकर उरकते. चमच्याच्या दांड्याला जाड कापड किंवा फोमची नळी गुंडाळून तो त्यांच्या मुठीत देणे, आणि सांडले तर सांडू देणे, याला वेळ लागतो. सकाळच्या घाईत दर वेळी ते जमणार नाही, हेही खरे. परंतु दिवसातून एक जेवण तरी त्यांच्या हाताने व्हावे, असा नेम ठेवता येईल.

बोटे वळलेली असतील, तर त्या पट्टीमागची काळजी आजही तितकीच लागू आहे. नखे वेळेवर कापावीत. तळहात कोमट पाण्याने धुऊन हलक्या हाताने पूर्ण कोरडा करावा. मुठीत मऊ सुती कापडाची गुंडाळी ठेवावी आणि ती रोज बदलावी. आखडलेली बोटे बळाने उघडू नयेत. दुर्गंधी, ओल, लालसरपणा दिसला, तर डॉक्टरांना दाखवावे.

घर हाताशी आणणे

दक्षिण फ्रान्सची ऊबदार हवा सांध्यांना मानवते, म्हणून रेन्वार काही वर्षे हिवाळ्यात तिकडे जात असे. १९०७ साली त्याने कान्य या गावी ‘ले कोलेत’ नावाची जमीन विकत घेतली. त्यावरची जुनी ऑलिव्हची झाडे तोडली जाणार होती आणि ती वाचावीत, ही त्याची मुख्य इच्छा होती. तेथे घर बांधले गेले, आणि झाडांमध्ये काचेच्या भिंतींची एक चित्रशाळा उभी राहिली, जेणेकरून वारा व थंडी न लागता बाहेरचा उजेड मिळावा. त्याला खुर्चीसकट उचलून बागेत नेत. खुर्चीतून हात जेमतेम काही वीत पोहोचे, तेव्हा मोठे चित्र रंगवायचे कसे? त्यावर अशी युक्ती काढली गेली, की कॅनव्हास रुळांवर बसवून हँडलने वर-खाली फिरवायचा आणि ज्या भागावर काम करायचे तो भाग हातासमोर आणायचा. हात चित्रापर्यंत जाऊ शकत नव्हता, म्हणून चित्र हातापर्यंत आणले.

आपल्या घरांतही हे तत्त्व लागू पडते. उंच फडताळातील रोजचा चहा-साखरेचा डबा कमरेच्या उंचीवर आणावा. फिरवायच्या तोटीऐवजी दांडा ढकलून उघडणारी तोटी बसवावी, दाराला गोल मुठीऐवजी आडवी कडी लावावी. बटणांच्या जागी वेल्क्रो, बारीक पेनाऐवजी जाड पेन, बसून भाजी चिरायला उंच टेबल, मांडी घालता येत नसेल तर पूजेसाठी खुर्ची व उंच चौरंग. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामे सुकर कशी करावीत हे शिकवणारे तज्ज्ञ, यात फार उपयोगी पडतात. बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत ते असतात, पण त्यांच्याकडे जाण्याचे आपल्याला सुचत नाही.

चालायचे की रंगवायचे

आता रेन्वारच्या आयुष्यातील तो प्रसंग, ज्यावर विचार करावा तितका थोडा. १९१२ च्या सुमारास एका डॉक्टरांनी त्याला पुन्हा चालवण्याचा निश्चय केला. शक्ती येईल असा आहार दिला, उपचार केले. काही आठवड्यांनी त्यांनी त्याला खुर्चीतून उभे केले. रेन्वारने सारे बळ एकवटून पावले टाकली, आपल्या इझलभोवती फिरून आला आणि खुर्चीत परत बसला. मग त्याने डॉक्टरांना शांतपणे सांगितले, की चालणे आता पुरे. चालायला त्याची सारी इच्छाशक्ती खर्ची पडत होती आणि रंगवायला काही उरणार नव्हते. दोहोंपैकी एक निवडायचे, तर त्याला चित्र हवे होते. जीनने लिहिल्याप्रमाणे त्यानंतर तो पुन्हा कधी चालला नाही.

हा प्रसंग सांगताना सावधपणा हवा. चालणे सोडून द्यावे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. आज औषधे आहेत, सांधेबदलाची शस्त्रक्रिया आहे, आणि बसून राहिल्याने स्नायू झिजतात, तोल जातो, पाठीला जखमा होतात. रेन्वारला त्या निर्णयाची किंमत शरीराने मोजावी लागलीच. परंतु या प्रसंगात एक सत्य आहे. आजारी माणसाची शक्ती मोजकी असते आणि ती कोठे खर्च करायची, हे ठरवण्याचा अधिकार त्याचा असतो. आई सकाळी आंघोळ, वेणीफणी, न्याहारी यांतच थकून जाते आणि दहा वाजता भजनी मंडळाच्या बायका येतात, तेव्हा तिला डोळे उघडे ठेववत नाहीत. तिला विचारा. कदाचित तिला आंघोळीत मदत घेऊन उरलेले बळ टाळ वाजवण्यासाठी ठेवायचे असेल. ‘स्वतःचे स्वतः केले पाहिजे’ हा आग्रह चांगला, पण कशाचे, हे तिने ठरवावे. आपण शुश्रूषा करणारे बहुधा सुरक्षिततेचा आणि स्वच्छतेचा विचार करतो. त्या माणसाला सकाळी उठावेसे का वाटते, याचा विचार मागे पडतो.

दुसऱ्याच्या हातांनी

१९१३ पासून रेन्वारने आणखी एक धाडस केले. व्यापारी आंब्रोआज व्होलार याच्या पुढाकाराने रिशार गिनो हा तरुण शिल्पकार त्याच्याकडे येऊ लागला. रेन्वारच्या हातांना माती मळणे शक्यच नव्हते. तो सांगे, खुणेने दाखवी, आणि गिनो घडवी. अशी काही वर्षांत व्हीनसच्या मूर्तीसह अनेक शिल्पे तयार झाली. ती रेन्वारच्या नावाने गेली. गिनोला सहकर्ता म्हणून न्यायालयाची अंतिम मान्यता मिळाली ती १९७३ साली, म्हणजे रेन्वारच्या मृत्यूनंतर अर्धशतक उलटल्यावर.

घराघरांतही असेच असते. आजारी माणूस हिमतीने जगला, असे सारे म्हणतात आणि ते खरेच असते. पण ते जगणे ज्या हातांनी शक्य केले, त्यांचे नाव सहसा कोठे येत नाही. रेन्वारच्या घरी गाब्रिएल होती, जी मुलाला सांभाळायला आली आणि पुढे चित्रांची मॉडेल झाली, रेन्वारची सेवाही तिने केली. कुंचले धुणारे, खुर्ची उचलणारे, रात्री कूस बदलून देणारे होते. आणि आलीन होती.

आलीनची गोष्ट

आलीन त्याच्याहून अठरा वर्षांनी लहान. घर, बाग, पाहुणे, स्वयंपाक, आजारी नवरा आणि तीन मुलगे असा संसार ती वाहत होती. तिला मधुमेह होता. तेव्हा इन्सुलिन नव्हते. माणसावर त्याचा पहिला प्रयोग झाला १९२२ साली. त्यातच महायुद्ध सुरू झाले. थोरला पिएर आणि मधला जीन असे दोघेही जखमी झाले. जीनचा पाय कापावा लागेल, अशी वेळ १९१५ साली आली, तेव्हा आलीन स्वतः आजारी असताना दूरच्या इस्पितळात त्याच्याकडे गेली. पाय वाचला. घरी परतल्यावर थोड्याच काळाने, त्याच वर्षीच्या जूनमध्ये, ती मरण पावली. वय छप्पन्न. ज्याची ती वर्षानुवर्षे काळजी वाहत होती, तो रेन्वार तिच्यामागे चार वर्षे जगला.

वाचकहो, हे वाचणाऱ्यांत कोणाची आई, कोणाचा नवरा, कोणाची सासू अंथरुणावर असेल. मागच्या वर्षभरात आपण स्वतःची साखर, रक्तदाब तपासला आहे का? आपली औषधे वेळेवर घेता का? ‘आधी त्यांचे होऊ दे’ या वाक्याखाली किती गोष्टी पडून आहेत? आलीनपाशी इन्सुलिन नव्हते, आपल्यापाशी सारे आहे. आठवड्यातून अर्धा दिवस तरी दुसऱ्या कोणाकडे जबाबदारी सोपवावी. भाऊ, नणंद, शेजारी, पगारी मदतनीस, जे शक्य असेल ते. मदत मागण्यात कमीपणा नाही. शुश्रूषा करणारे माणूस कोसळले, तर आजारी माणसाचाही आधार जातो.

अखेरची चित्रे

रेन्वार ३ डिसेंबर १९१९ रोजी कान्य येथेच वारला, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. त्याच वर्षी त्याने ‘स्नानसुंदरी’ हे मोठे चित्र पूर्ण केले होते. ११० सेंटिमीटर उंच आणि १६० सेंटिमीटर रुंद असे हे चित्र आज पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. त्याच वर्षी त्याला चाकांच्या खुर्चीतून लूव्ह्र संग्रहालयात नेण्यात आले आणि ज्या जुन्या चित्रकारांना तो गुरुस्थानी मानी, त्यांची चित्रे त्याने पुन्हा एकदा डोळे भरून पाहिली.

त्याच्या उत्तरकाळातील चित्रांविषयी जाणकारांत आजही एकमत नाही. काहींना ती बोजड, नको इतकी तांबूस वाटतात. काहींना त्यांतच त्याची खरी परिपक्वता दिसते. फिलाडेल्फियाच्या बार्न्स संग्रहात त्याची १८१ चित्रे आहेत आणि त्यांतील बरीच या शेवटच्या काळातली. ‘अपंग असूनही छान काढतो’ अशी सवलत त्याला कोणी दिली नाही, आणि त्याने ती मागितलीही नाही. चित्र म्हणून त्याची चित्रे पारखली गेली. वृद्धांच्या कामाला आपणही हा मान द्यावा. आजीने विणलेला स्वेटर सैल झाला असेल, तर तो सैल झाला आहे असे सांगावे, आणि मग तो अंगात घालावा.

त्या दिवसांत कान्यला एक पाहुणा वारंवार येत असे. त्याचे नाव आंरी मातिस. शेवटची चित्रे त्याला फार मोलाची वाटली. पुढे १९४१ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर मातिस स्वतः बराचसा अंथरुणाला आणि चाकांच्या खुर्चीला खिळला. इझलपुढे उभे राहणे कठीण झाले, तेव्हा त्याने कात्री हाती घेतली. मदतनीस कागद रंगवून देत, तो बसल्या जागी त्यांतून आकार कापी आणि मदतनीस ते त्याच्या सांगण्यावरून भिंतीवर टाचत. त्याची ती कागदी कातरकामे आज जगभर पाहिली जातात.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्यावी. रेन्वारपाशी पैसा होता, माणसे होती, बाग होती, कीर्ती होती. त्याचे उदाहरण आजारी माणसाच्या डोक्यावर आदळण्यासाठी नाही. ‘त्याने खुर्चीत बसून चित्रे काढली आणि तुम्हाला साधे उठवत नाही?’ असे कोणाला म्हणू नये. वेदना ही ज्याची त्यालाच कळते. काही दिवस असे असतात, की त्या दिवशी काहीच न करणे हेच शहाणपण.

पण बरा दिवस उजाडला, तर या पंधरवड्यात एवढे करून पाहा. घरातील वृद्धाला, किंवा आपण स्वतःच ते वृद्ध असाल तर स्वतःला, एक प्रश्न विचारा: हातून सुटलेल्या कामांपैकी कोणते एक काम परत हवेसे वाटते? रांगोळी, विणकाम, हार्मोनियम, पत्रलेखन, कुंडीतील तुळस, नातवाच्या डब्यातील एखादा पदार्थ, काहीही असेल. एकच निवडा. मग ते काम अडते नेमके कोठे, ते पाहा. पकड सुटते, हात पोहोचत नाही, नजर साथ देत नाही, की उभे राहवत नाही? जेथे अडते तेवढ्याच ठिकाणी मदत द्या आणि उरलेले काम त्यांचे त्यांना करू द्या. जमिनीवर वाकवत नसेल, तर रांगोळी पाटावर काढता येते आणि पाट टेबलावर ठेवता येतो. चिमटीत पूड धरवत नसेल, तर ती बारीक तोंडाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून देता येते. रेघ थोडी जाड येईल, ठिपके पुढेमागे होतील. काढून झाली, की पाट उचलून दारात ठेवण्याचे काम मात्र आपले.